फक्त उजव्या वळणात

सोमवार, २६ जानेवारी २००४

गाडीचं नाक खाली आलंय. काल चर्चला मिस्सेला जाताना गटारावरची फरशी ओलांडली तेव्हा खालून खोबरं किसल्यासारखा आवाज आला. एलिसाला विचारलं, हे काय? तर म्हणे, "आई, पुढचे शॉकअप बदलले, स्प्रिंग आखूड बसवल्या. आता गाडी वळणात झोपत नाही." गाडी झोपते अशी तक्रार मी कधी केली होती?

पगार तिचा, पैसे तिचे. तेवीस वर्षांची आहे, वालीवच्या कारखान्यात ड्रॉइंग काढते, तिला काय बोलणार. पण झेन गाडी ह्यांच्या नावावर आहे आणि सात वर्षं आम्ही तिच्यातूनच चर्चला जातो. आता स्पीडब्रेकर आला की हात आपोआप कपाळाकडे जातो, क्रूस करायला.

आणि हे सगळं कशासाठी? २२ फेब्रुवारीला कोइमतूरजवळ शर्यतीच्या ट्रॅकवर नवशिक्यांचा दिवस आहे. आपली गाडी न्यायची, फी भरायची आणि चालवायची. शर्यतसुद्धा नाही. चौदाशे किलोमीटर जायचं, गोल गोल फिरायचं, परत यायचं.

गुरुवार, २९ जानेवारी

फॉर्म आला. गाडीच्या मालकाची सही हवी. ह्यांना एरवी चष्मा शोधायला अर्धा तास लागतो. आज न वाचताच सही केली. "जाऊ दे गं तिला. हेच वय आहे." मी समोर भाताचं भांडं घेऊन उभी. मला कुणी विचारलं नाही.

लग्न झाल्यापासून हेच. नाही म्हणायचं काम माझं, सही ह्यांची.

रविवार, १ फेब्रुवारी

मिस्सा संपली की थेट वालीव. फेबियन — माझा मावसभाऊ — तिथे गॅरेज चालवतो. तरुणपणी शर्यतीच्या गाड्यांवर काम केलंय, ते अजून अंगातून गेलेलं नाही. शेजारच्या बंद कारखान्याच्या आवारात त्याने तेलाचे रिकामे डबे मांडले होते, त्यांच्यामधून एलिसाने वळणं घ्यायची. मीही गेले. घरी बसून जास्त घोर लागला असता. स्टुलावर बसून रोझरीची माळ काढली.

फेबियन ओरडत होता. "ब्रेक वळणाच्या आधी! वळणात शिरलीस की पाय स्थिर. घाबरून ॲक्सिलरेटर सोडलास की सगळं वजन पुढे जातं, मागची चाकं हलकी होतात, मग शेपूट निघालं बाहेर."

एलिसा म्हणाली, "मामा, मागच्या स्प्रिंगपण बदलू या ना."

"मागे हात लावायचा नाही. एका वेळी एकच गोष्ट. सगळं एकदम बदललंस तर सुधारलं कशानं आणि बिघडलं कशानं, कुणाला कळणार? खरं तर नवशिक्याने काहीच बदलू नये. आहे ती गाडी आधी शिकावी. पण तू ऐकतेस कुठे."

या प्रकरणात महिनाभरात ऐकलेलं पहिलं शहाणपणाचं वाक्य.

रविवार, ८ फेब्रुवारी

आजपासून नोव्हेना धरली. नऊ दिवस. मागणं एकच — काहीतरी अडो आणि हिचं जाणं राहो. अपघात नको, दुखणं नको. नुसतं अडो.

दुपारी वालीवला गाडी गरकन फिरली. डावी वळणं छान घेतली, उजवं आलं आणि मागचा भाग दार आपटावं तसा बाहेर. दोन डबे उडाले. धूळ बसल्यावर बघितलं तर गाडीचं तोंड माझ्याकडे. रोझरी कितव्या मण्यावर होती ते विसरले.

"मामा, फक्त उजव्या वळणात होतंय. डावीकडे काही नाही."

"उजवीकडे भिंत आहे ना. भिंत दिसली की तू पाय उचलतेस. दोष गाडीत नाही, तुझ्या पायात आहे."

आणखी चार वेळा केलं. चारही वेळा तेच. शेवटी फेबियन म्हणाला, "हे असंच राहिलं तर मी तुला घेऊन जाणार नाही. तिथे कडेला डबे नसतात." एलिसाने उडालेले डबे उचलून जागेवर ठेवले. डोळे लाल.

मी मनात मरियामातेचे आभार मानले. नोव्हेनाचा पहिलाच दिवस आणि ऐकलंसुद्धा.

बुधवार, ११ फेब्रुवारी

हवा कमी केली. हवा वाढवली. पुढचे टायर मागे, मागचे पुढे. उजवीकडे तेच. एलिसा रोज कामावरून परस्पर फेबियनच्या गॅरेजला जाते, जेवण गार होतं, मी पुन्हा गरम करते, ती खात नाही.

शनिवार, १४ फेब्रुवारी

फेबियनचा फोन. "इनेझ, गाडीचे टायर कधीचे? तू लिहिलं असशील."

मी सगळंच लिहिते. १९९९ची डायरी काढली. ३ नोव्हेंबर — 'चार टायर नवे.' त्याच्याच खाली माझ्याच अक्षरात:

'गाडी डावीकडे बसते. मी मागे उजवीकडे आणि केळीचे घड सगळे डावीकडे. डाव्या मागच्या स्प्रिंगमध्ये रबराचा ठोकळा घातला. हे दोन आणणार होते. मी म्हटलं, बसते एकच बाजू, तर दोन कशाला?'

तेव्हा वटारच्या वाडीतून वसईच्या बाजारात केळी आम्ही ह्याच गाडीतून न्यायचो. दोन वर्षं. मग ह्यांची कंबर धरली, वाडी दुसऱ्याला करायला दिली, गाडीतून केळी नेणं थांबलं. ठोकळा कुणी काढला? डायरीत पुढे कुठे नाही. म्हणजे कुणीच नाही. मागच्या स्प्रिंगला हात लावायचा नाही हा फेबियनचा नियम, म्हणून टायर बदलतानाही त्याला दिसला नाही.

फेबियनला सांगितलं, "टायर नव्याण्णवचे." रिसीव्हर ठेवला.

हे समोर पेपर वाचत होते. ह्यांना काय आठवणार. कालची भाजी आठवत नाही.

रविवार, १५ फेब्रुवारी

खोटं बोलले नाही. विचारलं तेवढं सांगितलं.

तरी कम्युनियनला उठले नाही; मनावर पाप असताना तो प्रसाद घेत नाहीत. ह्यांनी विचारलं, "बरं वाटत नाही?" म्हटलं, गुडघा. मग हेही उठले नाहीत. "तुझ्याजवळ थांबतो," म्हणाले. म्हणजे आमच्या एका बाकावरून दोघंही नाही. लोक बघत होते.

सोमवार, १६ फेब्रुवारी

नोव्हेना पुरी झाली. मेणबत्ती लावून आले तर एलिसा बॅग भरत होती.

"फेबियन येतोय का?"

"नाही आले तर एकटी जाईन. फी भरलीय. उजवी वळणं हळू घेईन."

हळू घेईन म्हणे. आणि दुसऱ्या गाड्या मागून येतील त्या? हे ऐकत होते. मी म्हटलं, अहो, तुम्ही तरी बोला. तर उठून अंगणात झाडांना पाणी घालायला गेले. पाणी सकाळीच घातलं होतं.

काहीतरी अडो असं मागितलं होतं. अडलं. पण पोर थांबली नाही, नुसती अडलेली गाडी घेऊन निघाली. आणि अडलंय ते माझ्याच हट्टामुळे. हे मरियामातेच्या नावावर कसं घालू?

मंगळवार, १७ फेब्रुवारी

रिक्षा करून वालीवला गेले. रिक्षा! बससाठी थांबवेना. एलिसा कामावरून तिथेच आलेली. नव्याण्णवची डायरी फेबियनच्या हातात दिली आणि बोट ठेवलं.

त्याने दोनदा वाचलं. जॅक लावला, खाली शिरला, स्क्रूड्रायव्हरने माती खरवडली. दोन स्प्रिंगांपैकी एकीच्याच वेढ्यांत काळा ठोकळा, वर वाळलेला चिखल. मग बाहेर येऊन तिथेच खाली बसला.

"उजवीकडे वळलं की गाडीचं वजन डाव्या बाजूवर येतं. ही स्प्रिंग दबतच नव्हती, मग टायर सुटायचा. आणि मी पोरीला सांगतोय, दोष तुझ्या पायात." एलिसाकडे बघून म्हणाला, "माफ कर गं. मी मागे एकदा नुसतं वाकून बघायला हवं होतं." मग माझ्याकडे. "इनेझ, दुसरा ठोकळा घेतला असतास तरी गाडी दोन्हीकडे सारखी वाईट चालली असती. निदान कळलं असतं."

ठोकळा काढला. मला मागे बसवलं, उजवीकडे, माझ्या जुन्या जागी. एलिसाने उजवं वळण पाच वेळा घेतलं. मांडीवरची रोझरी जागची हलली नाही.

उतरताना तिने विचारलं, "आई, हे तुला कधी सापडलं?"

"शनिवारी."

"आज मंगळवार आहे."

घरी आल्यावर मात्र दोन वेळा भात घेतला.

गुरुवार, १९ फेब्रुवारी

पहाटे निघाले. एलिसा, फेबियन, त्याची बायको जुलियाना. बरोबर वाटेत खायला वाळवलेल्या केळ्यांची सुकेळी दिली. रोझरी आरशाला लावू नको, समोरचं दिसणार नाही, असं एलिसा म्हणाली. खिशात ठेवली. ह्यांनी गाडीच्या मागे जाऊन डाव्या चाकावर हात ठेवला.

रविवार, २२ फेब्रुवारी

संध्याकाळी फोन आला. अठ्ठावीस फेऱ्या, एकदाही गाडी फिरली नाही. शिकवणाऱ्याने विचारलं म्हणे, गाडीची मागची बाजू कुणी बसवली? फेबियन म्हणाला, हिच्या आईने.

फोन ठेवला तर हे खुर्चीत, हातात कालचा पेपर.

"मला पहिल्या दिवसापासून आठवत होतं," म्हणाले.

"काय?"

"रबर. मीच तर घातलं होतं."

मी म्हटलं, मग सही का केलीत?

"तिला नाही म्हणायला जमत नाही गं मला. वाटलं, गाडीच म्हणेल."