दौतीच्या चाव्या कोणाकडे

मी, अश्लेषा श्रीरंग शिऊरकर, वय बत्तीस, व्यवसाय संकेतस्थळे तयार करणे, राहणार चिकलठाणा, छत्रपती संभाजीनगर, हा लेख पूर्ण शुद्धीवर, कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. मला कोणताही आजार नाही. काळजी आहे, पण ती लहानपणापासून आहे आणि तिच्यामुळे माझ्या बुद्धीत फरक पडलेला नाही.

लिहिण्याचे कारण असे. आमच्या प्रोग्रामरांच्या गटातले गोकुळ मागच्या मार्चमध्ये अचानक गेले. त्यांनी बनवलेल्या साइटवरून कितीतरी ग्रामपंचायती दाखले काढत. तिचे पासवर्ड फक्त गोकुळ यांच्या डोक्यात होते. दीड महिन्यात साइट बंद पडली आणि आम्ही तीस जण नुसते बघत राहिलो. माझ्या मागे असे होऊ नये.

मृत्युपत्राची भाषा मला परकी नाही. माझे वडील, नाना, वैजापूरला तहसील कचेरीसमोर दस्तलेखक होते. शाळेत जाण्याआधी त्यांनीच मला अक्षरे शिकवली, तीही खरेदीखतांच्या जुन्या मसुद्यांच्या कोऱ्या बाजूवर. 'लिहून देणार' आणि 'लिहून घेणार' हे शब्द मला 'आई'नंतर लगेच वाचता येत.

एक. चिकलठाण्याच्या सदनिकेतील माझा निम्मा हिस्सा भाऊ देवेश यास. बँकेत जे असेल ते आईस.

दोन. माझा खटखट वाजणारा कीबोर्डही देवेशलाच. तो म्हणाला, "ताई, हा खडखडाट तुझ्याबरोबरच जाऊ दे." तरी त्यालाच. स्पेसबार डावीकडे दाबावा, उजवीकडे अडकतो.

तीन. जुना डेस्कटॉप गटाच्या खोलीत ठेवावा, विकू नये. त्यावर मी नोटपॅडमध्ये पहिले पान लिहिले. लिहायचे, सेव्ह करायचे, ब्राउझरमध्ये बघायचे, एवढेच काम. कोणतीही साइट आवडली की उजवे बटण दाबून तिचे आतले लिखाण वाचता येई. मी तशीच शिकले. आता एक पान उभे करायला आधी हजार फायली उतरवाव्या लागतात आणि त्यातल्या निम्म्या कशाला लागतात हे उतरवणाऱ्यालाही सांगता येत नाही. नव्या साधनांना मी वाईट म्हणत नाही, माझे पोट त्यांच्यावरच चालते. पण जुन्या साधनांची जशी सवय झाली, तशी यांची होण्याआधीच ती बदलतात.

चार. गटाच्या जुन्या प्रश्नोत्तरांची प्रत मी जपून ठेवली आहे, ती अभय यांना. माझ्या पहिल्या प्रश्नाखाली त्यांनी लिहिले होते, "बाई, आधी माहिती वाचा, मग विचारा." तीन वर्षे मी त्यांच्याशी बोलले नाही. नंतर कळले की त्याच दिवशी संध्याकाळी त्यांनी खाली दोन पानांचे उत्तर लिहिले होते. रागात मी ते पान पुन्हा उघडलेच नव्हते. तो राग मी या लेखाने मागे घेते. आता सगळे यंत्रालाच विचारतात. यंत्र टोमणा मारत नाही, हे खरे. पण रविवारी गटाच्या बैठकीत 'चुकलं कुठं ते कळलं का?' म्हणून गाठतही नाही.

पाच. 'दौत'. माझ्या हातून झालेले नाव घेण्यासारखे काम हेच. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मराठी मजकूर आजच्या साइटवर टाकला की त्याची अगम्य चिन्हे होतात. दौत त्यांची पुन्हा मराठी अक्षरे करते. छोटी वर्तमानपत्रे, बाजार समित्या ती फुकट वापरतात. वैजापूर मार्केट यार्डातले कारभारी अजून फोन करतात, "ताई, तुमची दौत लई ब्येस चालतीया. कांद्याचे जुने भाव समदे वाचाया येतेत!" प्रत्येक फोनला मला बरे वाटते, आणि लगेच वाटेनासे होते. त्याचे कारण आता लिहिते.

दौतीतले सर्वांत अवघड भाग, म्हणजे जोडाक्षरांचे नियम, आमच्या गटातल्या मोनाली गवारे हिने केले. आम्ही दोघींनी मिळून चार महिने काम केले. आमच्या धंद्यात कोणी कधी कोणती ओळ बदलली याची नोंद आपोआप राहते. दौत सर्वांसाठी खुली करण्याच्या आदल्या दिवशी मला त्या नोंदी फार घाणेरड्या वाटल्या: 'परत चुकलं', 'आता तरी चाल', 'मोनाली रडकुंडीला'. नाना मसुद्याची स्वच्छ प्रत करीत, तशी मी सगळ्या नोंदींची एकच नोंद केली आणि खुल्या प्रतीतून जुन्या पुसून टाकल्या. एका नोंदीला नावही एकच असते. ते माझे पडले.

मोनालीचे नाव कुठेच उरले नाही, हे दुसऱ्या दिवशी लक्षात आले. त्याच दिवशी अभिनंदनेही सुरू झाली. मोनाली म्हणाली, "असू दे गं, काम तर चालतंय." मी असू दिले. पुढे ती गटात यायची थांबली. आता शेंद्र्याच्या एका कारखान्यात स्टोअरचे संगणक सांभाळते. याला आठ वर्षे झाली. जुन्या नोंदींची एक प्रत माझ्या डेस्कटॉपवर होती आणि ती आहे हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होते.

म्हणून या कलमात मी लिहिले होते की, माझ्या पश्चात दौत आणि तिच्या सर्व चाव्या, म्हणजे पासवर्ड, मोनालीला द्याव्यात व खरी हकिकत गटाला वाचून दाखवावी. मसुदा नानांना दाखवला. त्यांनी चष्मा काढला.

"अशू, तू बत्तीसची. तब्येत ठणठणीत. ती पोरगी काय पन्नास वर्षं तुझ्या मरणाची वाट बघणार?"

"नाना, लोक काय म्हणतील?"

"म्हणतील की. तू असताना म्हणतील, एवढाच फरक."

काल जुन्या नोंदी, 'मोनाली रडकुंडीला'सकट, पुन्हा चढवल्या. गटाला सगळे लिहिले. मग मोनालीला फोन केला.

तिने सगळे ऐकून घेतले. मग म्हणाली, "मला वाटलं होतं जुन्या नोंदी कायमच्या गेल्या. म्हणून तर गप्प बसले."

"माझ्याकडे होत्या."

"तेच जास्त लागलं आत्ता." आणि पुढे म्हणाली, "जोडाक्षरांत तू मागच्या वर्षी जे बदललंस ना, ते चूक आहे. चाव्या पाठव, दुरुस्त करते. बाकीचं मग बोलू."

चाव्या पाठवल्या. बाकीचे अजून बोललेलो नाही.

तरी कलम पाच खालीलप्रमाणे वाचावे: दौत आजपासून मोनाली गवारे यांच्या नावे आहे. जी वस्तू माझी नाही ती मला मृत्युपत्राने देता येत नाही, म्हणून ती यातून वगळली आहे.

लिहून ठेवणार: अश्लेषा श्रीरंग शिऊरकर (सही)

आमच्या समक्ष वाचून, समजून सही केली:
१. सोमनाथ विठ्ठल जाधव, शेजारी (सही)
२. हिमानी सदाशिव देव, मैत्रीण (सही)

चिकलठाणा, छत्रपती संभाजीनगर
रविवार, १४ डिसेंबर २०२५