भुकेचं काम

लातूर,
दि. १४ डिसेंबर १९८३

प्रिय आक्कास,
सप्रेम जय भीम.

मी इथं खुशाल आहे. किनवटला थंडी लई पडली असेल, तू आणि तुझ्या वसतिगृहातल्या साठ पोरी बऱ्या असाल. मामाची तब्येत ठीक. मामीनं तुझ्यासाठी तीळ निवडून बांधून ठेवलेत, कुणी तिकडं जाणारं भेटलं की पाठवीन.

झाली खुशाली! आता ऐक. आक्का, आमचं नाटक पहिलं आलं!

राज्य नाट्य स्पर्धेत नांदेडच्या केंद्रावर एकूण अकरा नाटकं झाली, आणि त्यातून आमचं एकटंच मुंबईला अंतिम फेरीला चाललंय. आणि अभिनयाचं रौप्यपदक मला! तुझ्या सिंधुला! काल निकाल लागला तेव्हा माइकवरच्या माणसानं सवयीनं "उस्मानाबाद जिल्हा" असं म्हटलं, तर आमची सगळी मंडळी उठून ओरडली, "लातूर! लातूर!" जिल्हा होऊन सव्वा वर्ष झालं, तरी लोकांच्या तोंडातून जुनं नाव जाईना. माझ्या ऑफिसात तर अजून उस्मानाबादहून आलेले गठ्ठे सुटले नाहीत, टाइपरायटरच्या बाजूला गठ्ठा, बसायच्या बाकावर गठ्ठा. आज सकाळी मोठे साहेब स्वतः माझ्या टेबलापाशी आले. म्हणाले, "बाई, नव्या जिल्ह्याचं पहिलं पदक तुम्ही आणलंत." मला उभं राहायचंही भान राहिलं नाही, बसूनच हसत राहिले.

तू विचारशील, नाटक कशाचं? चार महिने मी तुला नुसतं "गुरुबसप्पा सरांनी लिहिलंय, चांगलं आहे" एवढंच लिहीत होते. कशाचं आहे ते मुद्दाम लिहिलं नाही. आता लिहिते. नाटक बहात्तरच्या दुष्काळाचं आहे. तळ्याच्या कामावर माती वाहणाऱ्या एका बाईचं. कामावर वाटतात ते गोड पीठ, आपल्या वाटची सुकडी, ती रोज पोरीला घालते, "माझं पोट भरलंय" म्हणते, आणि शेवटी कामावरच पडते.

ते काम मी करते.

सरांना आपल्या घरचं काही ठाऊक नव्हतं. ते उदगीरच्या शाळेत शिकवतात, लातूरला येऊन तालमी घेतात, त्यांना कोण सांगणार? पहिल्या वाचनाला माझे हात कापायला लागले, तर ते खूश झाले. म्हणाले, "बघा, भूमिका कशी अंगात शिरली!" मलाही तेच खरं वाटलं. आणि मग मी ती अंगात शिरू दिली.

आक्का, रागावू नकोस. दिवाळीला ऑफिसात काम आहे म्हणून येत नाही, असं मी लिहिलं होतं. ते खोटं होतं. दिवाळीत मी दवाखान्यात होते. चार दिवस सलाइन लावलं होतं.

झालं असं की, भूक खरी दिसावी म्हणून मी जेवण तोडत गेले. आधी सकाळचं, मग दुपारचं. तालमीच्या दिवशी तर पाणीसुद्धा पीत नसे, आवाज कोरडा यावा म्हणून. ब्लाउज ढिले पडले तर मनातून बरं वाटायचं. त्यात रडायचा प्रसंग मी सगळा गळ्यातून ओरडून करायची, आवाज पार बसला. घरी येऊनही ती बाई अंगातून उतरत नव्हती. टाइप करता करता डोळ्यांतून पाणी यायचं, कागद भिजायचे. मामीशी बोलले नाही की वाटायचं, मी भूमिकेत आहे. एक दिवस तालमीत डोक्यावर मातीची पाटी घेऊन चालले होते, तर चालता चालता मधेच खाली बसले. लोकांना वाटलं, काय अभिनय आहे! टाळ्या वाजल्या. एकट्या सरजाबाई धावत आल्या.

सरजाबाई कोण ते सांगते. साठीच्या आहेत. चाळीस वर्षं तमाशाच्या फडात काढली, आता नाटकात म्हातारीचं काम करतात. दवाखान्यात माझ्यापाशी त्याच बसून होत्या. शुद्धीवर आल्यावर मी म्हटलं, "बाई, भूक खरी दिसायला पायजे ना?"

तर म्हणाल्या, "अगं, मी फडात ईस येळा सती गेले. एकदा तरी भाजले का?"

मला हसू आलं. त्या हसल्या नाहीत.

"खरा उपाशी माणूस भूक दाखवत न्हाई पोरी, गप पडून ऱ्हातो. दाखवायला अंगात रगत लागतं. आन् एक सांग, हे तू नाटकासाठी न्हाई करून राहिलीस. कुणासाठी करून राहिलीस?"

आक्का, दहा वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. तूही नाही. आईचा विषय आपण दोघींनी मिळून कसा टाळलाय, तुला माहीत आहे. मी सरजाबाईंना सगळं सांगितलं. आता तुला सांगते, कारण खरं तर तुलाच आधी सांगायला हवं होतं.

तेव्हा तू सोळाची, मी अकराची. तू खडी फोडायला लांबच्या टोळीत, मी आईजवळ. ती तिची सुकडी माझ्या ताटलीत टाकायची, "मला नको, पोट भरलंय" म्हणायची. तिचं पोट भरलेलं नाही हे मला कळत होतं, आक्का. एकदा तिला आडोशाला पोटावर पदर आवळून बांधताना मी पाहिलं होतं. तरी मी खाल्लं. दुसऱ्या दिवशीही खाल्लं. तुला सांगितलं असतं तर तू तिला रागावली असतीस, तुझ्यातलं दिलं असतंस. मी सांगितलं नाही, कारण मला भूक होती. मग वैशाखात ती पाटी घेऊन चालता चालता बसली ती उठली नाही. एवढंच. दहा वर्षं मी हे एकटीनं धरून बसले होते, आणि आता नाटकाच्या निमित्तानं तिचा एकेक घास तिला परत करून राहिले होते.

सरजाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "तुझं काही चुकलं न्हाई" असं काही म्हणाल्या नाहीत. नर्सला बोलावून मऊ भात मागवला आणि समोर बसून खायला लावला.

त्या दिवसापासून त्यांनी मला शिस्त लावली. तालमीच्या दिवशी चारला भाकरी आणि पिठलं, वर ताक. पाणी घोट घोट करून दिवसभर. आवाज बेंबीपासून काढायचा, गळ्याला त्रास द्यायचा नाही. त्यासाठी रोज जमिनीवर उताणं झोपवून माझ्या पोटावर पाटीच ठेवायच्या, "श्वास घेतला की पाटी वर आली पायजे!" आणि तालीम संपली की त्या बाईचं लुगडं आपल्या हातानं घडी करून ट्रंकेत ठेवायचं, पाय धुवायचे, आणि सगळ्यांनी एकमेकांना खऱ्या नावानं हाक मारायची. "तिला हितं ठेव. तिचं घर हितं, तुझं घर मामीकडं." पहिल्यांदा मला हा पोरखेळ वाटला. पण आठ दिवसांत झोप लागायला लागली. इतके दिवस गप्प असायची म्हणून मी हाक मारली की मामी चमकायची, तेही बंद झालं.

सगळं कळल्यावर सरांनाही वाईट वाटलं. म्हणाले, "मला कळायला हवं होतं. काम सोडायचं असेल तर सोड, नाटक पडलं तरी चालेल." मी म्हटलं, सर, आता तर कुठं ते मला येऊन राहिलंय.

आणि आक्का, शनिवारचा प्रयोग! हॉल भरलेला, मागं लोक उभे. चारला मी दीड भाकरी खाल्ली होती. सुकडी भरवायचा प्रसंग आला. पोरीचं काम सरांची शिवगंगा करते, नऊ वर्षांची. तालमीत मी कायम ताटलीकडं बघायची, हावरट डोळ्यांनी. त्या दिवशी अंगात ताकद होती, घाई नव्हती, म्हणून पहिल्यांदा मी त्या पोरीच्या तोंडाकडं पाहिलं. ती खरंच मन लावून खात होती. ओठावर पीठ, गाल फुगलेले. आणि मला हसू आलं. ठरवून नाही, आपोआप.

आणि तिथं उभ्या उभ्या मला आईचं तोंड आठवलं. दहा वर्षं मी तिचं आवळलेलं पोट आठवून राहिले होते, तोंड कधी आठवलंच नाही. ती हसायची, आक्का. मी खाताना ती माझ्याकडं बघून हसायची. त्या मरणाच्या उन्हात दिवसातलं तेवढं एकच सुख तिनं स्वतःसाठी राखलं होतं, आणि मी ते तिचं दुःख समजून बसले.

परीक्षकांनी त्याच हसण्याबद्दल लिहिलंय. पदक मिळालं म्हणून नाही, मला ते हसणं सापडलं म्हणून मी कालपासून नाचून राहिले.

आता एक शेवटचं, आणि हे लिहायला मला सगळ्यांत जास्त धीर लागून राहिला. गेल्या महिन्यात तुझ्या वसतिगृहाच्या स्वयंपाकीण पारूबाई लेकीकडं लातूरला आल्या होत्या, मला भेटून गेल्या. मी तुझी चौकशी केली तर म्हणाल्या, "तुमची आक्का साठ पोरींना वाढती आन् उरलं तर खाती. न्हाई उरलं तर म्हणती, पोट भरलंय."

ते ऐकून लगेच तुला लिहायला हवं होतं, पण तेव्हा मला तोंड नव्हतं. आता आहे.

तूही काही धरून बसली असशील तर मला लिही. नाही लिहिलंस तरी चालेल, अंतिम फेरीच्या आधी चार दिवस काढून इकडं ये, सरजाबाईंच्या समोर बसवते तुला. पण आक्का, हे पत्र हातात पडेल तेव्हा जेवणाची वेळ असेल. पोरींच्या पंगतीत बस. त्यांच्या आधी नको, मागून नको, त्यांच्याबरोबर. पारूबाईंना म्हणावं, मला वाढा.

उत्तर जेवण झाल्यावर लिही.

तुझ्या पाठीवर जन्मलेली आणि आता तुझ्यासाठी हट्ट धरून बसलेली,
सिंधु