तुमची लाईन

नागपूर

ऋतुजा बेटा,

मी रिटायर झालो म्हणून तू तिकडे पुण्यात काळजी करून राहिली. पण मी मजेत आहो.

वीज कंपनीत इंजिनीअर होतो तोवर घरची लाईट गेली की तुझी आई म्हणे, "गेली तुमची लाईन!" अर्ध्या ताटावरून, एकदा तर तुझ्या वाढदिवसाच्या केकवरून उठून मले सबस्टेशनले पळावं लागलं. लाईट आली की मात्र ती नुसतं "आली" म्हणे. जाताना लाईन माझी, अन् येताना काहून कोणाचीच नाही? मले भलता राग ये.

काल भर दुपारी कूलर बंद पडला. आई शांतपणे म्हणाली, "लाईन गेली." बस, एवढंच. मी खुर्चीत बसून राहिलो. खरं सांगतो बेटा, जीव कसनुसा झाला.

थोड्या वेळानं कूलर घरघरला, अन् आई स्वयंपाकघरातून ओरडली, "अहो, आली पाहा तुमची लाईन!"

हे पत्र मी तुले पाठवणार नाही. तू लगेच आईले फोन करशील, अन् मग ती मुद्दाम म्हणत जाईल.

तुझा,
लाईनवाला बाबा