कोपऱ्यातलं अक्षर

३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. भाचीने शाळेत बाईंनाच उलट प्रश्न विचारला हे वाचून बरं वाटलं, आपल्या वळणावर गेली.

इथे माझी मात्र पुरती वाट लागलीये. ऑफिसात नवे साहेब आलेत, त्यांनी भिंतीवर फळा लावलाय. आम्ही वस्तू खपवायला घरोघर पत्रं पाठवतो ना, तर शंभर पत्रांमागे किती घरांतून भरलेला फॉर्म परत आला, तो आकडा लिहिणाऱ्याच्या नावापुढे टाकतात. माझ्यापुढे दीड. माझ्या खाली कुणी नाही. महिनाअखेर सगळ्यात खालच्याला घरी बसवणार. तुम्ही छान लिहिता, पण माणूस जागचा हलत नाही, असं साहेब सगळ्यांदेखत म्हणाले. सतरा वर्षं हेच करतोय गं मी! मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग आई आणि काकू आठवल्या. वृद्धाश्रमात जा म्हणून आपण दोन वर्षं घसा कोरडा केला. एका घरात मध्ये भिंत घालून राहतात, एकमेकींचं तोंड बघत नाहीत, पण घर सोडायचं नाव नाही. या दोघींना हलवलं तर मी कुणालाही हलवीन. म्हणून आईला भीतीचं पत्र लिहिलं: जिन्यात पडलीस तर तिसऱ्या दिवशी कळेल. काकूला ओझ्याचं: तुमच्यापायी आई अडकलीये, रोज रडते, पण तुम्हाला बोलणार नाही. रडते हे मी पदरचं घातलं. दोन्हींच्या शेवटी ‘हे पत्र पलीकडे दाखवू नका.’ सोबत आश्रमाचा फॉर्म. आईच्या फॉर्मच्या कोपऱ्यात अ, काकूच्या कोपऱ्यात ब. कुठला परत येतो ते बघायचं. आजच टाकली.

भाचीला पापा. लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.

तुझा
धाकटा


९ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

तू म्हणजे अगदी कहर आहेस. खोटं कशाला बोलू, वाचून आधी मला हायसंच वाटलं. त्या सुटतील आणि आपणही सुटू, असं मनात आलं. तुझा दीड आकडा घरात कुणाला सांगितला नाही, काळजी करू नकोस.

पण शहाण्या, टाकायच्या आधी मला विचारायचंस तरी! काकूला गेल्या थंडीपासून वाचता येत नाही. डोळे पार गेलेत. आई रोज तिच्याकडे जाऊन पेपर वाचते. दोघींचं कधीच मिटलंय. तीन वर्षांत एकदा गेला असतास तर तुझं तुलाच दिसलं असतं. आता काकूला तुझं पत्र कोण वाचून दाखवणार, आलं ना ध्यानात?

पोस्टमनला गाठ, काहीही कर. आणि त्यात माझं नाव घातलं नाहीस ना, तेवढं लगेच कळव. जपून राहा.

तुझी
ताई


१५ मार्च

चि. बाळ्यास,
आशीर्वाद.

तुझी दोन्ही पत्रं एकाच दिवशी आली. काकूचं मी तिच्या खाटेशी बसून मोठ्याने वाचलं. तुमच्यापायी आई अडकलीये, इथे माझी जीभ अडखळली. पुढचं गाळून वाचायला लागले, तर तिला लगेच समजलं. ती म्हणाली, मुलाने लिहिलंय ते सगळं वाच. मग मी रोज रडते तेही वाचलं. ती किती तरी वेळ माझा चेहरा बोटांनी चाचपत होती, ओला आहे का ते बघायला.

मी शपथा घातल्या. तरी तिने विचारलंच, की खरंच रडतेस का. अजून रोज विचारते. हे तू तिला दिलंस.

नंतर माझं पत्रही तिला वाचून दाखवलं. शेवट सारखाच निघाला. कोपऱ्यातलं अक्षर मी ओळखलं. मागे आला होतास तेव्हा तूच फुशारकीने सांगितलं होतंस, की त्यावरून कुठल्या पत्राला कोण भुललं ते कळतं. तेव्हा मला तुझं किती कौतुक वाटलं होतं!

दोन्ही फॉर्म भरून सोबत पाठवते आहे. दोनांतले दोन आले, तुझ्या साहेबांना दाखव. घर सोडलंय. तुझ्या आश्रमात मात्र आम्ही जाणार नाही. दोघी एकत्रच आहोत, कुठे ते कळवत नाही. किल्ली शेजारच्या शिवणवालीकडे ठेवलीये.

मफलर घालत जा, तुझा घसा लगेच धरतो.

आई


२ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

नोकरी वाचली. साहेबांनी फॉर्म पाहिले, पत्रांच्या माझ्याकडच्या नकला मागून घेतल्या आणि माझ्या पाठीवर थाप मारली. ओझ्याचं पत्र त्यांना फारच आवडलं. नावं बदलून आणि आश्रमाच्या जागी आमची वस्तू घालून ते पुढच्या आठवड्यात चाळीस हजार घरांत जाणार. फळ्यावर मी आता सगळ्यात वर आहे. ते फॉर्म कुणाच्या आईने पाठवले हे मी सांगितलं नाही.

घरी जाऊन आलो. किल्ली घेतली. मधल्या भिंतीला दार पाडलेलं होतं, तेही मला माहीत नव्हतं.

आईने तुला पत्ता दिला असणार. मला सांगू नकोस, पण एवढं कर. तिला लिहिलेली तीन पत्रं सोबत आहेत. एकात माफी मागितलीये, एकात मी आजारी आहे, एकात नुसती ख्यालीखुशाली. वाचून त्यातलं खरं वाटेल ते तिला पाठव. मी रात्रंदिवस वाचतोय, मला ओळखता येत नाही.

तुझा
धाकटा