माघारीच्या रकान्यातले नाव

प्रिय इल्वा,

तुझ्या प्रकल्पाचा दुसरा आराखडा ज्येष्ठ नागरिक मंडळाची सदस्य म्हणून माझ्याकडे आला. मी तो दोनदा वाचला. निवृत्त न्यायाधीशाला वाचण्यापलीकडे फारसे काही करता येत नाही. आराखडा नीटस आहे. वृद्धांच्या घरी जाणाऱ्या गृहसेविकांच्या फेऱ्या कार्यालयातल्या फळ्यावरून फोनवर कशा न्यायच्या, घरांची कुलपे फोनने कशी उघडायची, कोणाला केव्हा शिकवायचे, सारे जागच्या जागी आहे. 'यंत्रणा बिघडल्यास जुन्या पद्धतीकडे परतावे' हे वाक्यही आहे. ही माघार कोणी ठरवायची, त्या रकान्यात मात्र पहिल्या खेपेसारखाच एक शब्द आहे: 'गट'.

बाबा बरे आहेत, म्हणजे डॉक्टर ज्याला बरे म्हणतात तसे. पुढच्या आठवड्यात त्यांना घरी सोडतील. काल मी रुग्णालयात गेले तेव्हा मलाच म्हणाले, "बाई, माझी बायको आली की आत पाठवा हं. ती उशीर करणाऱ्यातली नाही, आज काय झालंय कोण जाणे." मी म्हटले, पाठवते. मग त्यांना बटाट्याचे सूप भरवले. अर्धे संपले.

नोव्हेंबरात जे घडले ते तुला ठाऊक आहे, तरी पुन्हा मांडते. निकालाआधी वस्तुस्थिती लिहिण्याची सवय सुटत नाही. माझ्या खुब्याची शस्त्रक्रिया झाली होती. मी रुग्णालयात, म्हणून पहिल्या आराखड्यानुसार सुरू झालेल्या तुमच्या नव्या यंत्रणेने आपले घर रिकामे धरले आणि बाबांच्या सगळ्या फेऱ्या गाळल्या. दोष कोणा सेविकेचा नव्हता. त्यांच्या फोनवर आपले घरच नव्हते. सकाळचे औषध नाही, जेवण नाही. संध्याकाळी शेजाऱ्यांना बाबा जिन्यात पडलेले सापडले. अंगात कोट, पायांत घरातल्या सपाता. मला शोधायला निघाले होते, असे त्यांनी शेजाऱ्यांना सांगितले.

त्या दुपारी तुमच्या प्रकल्पगटाच्या खोलीत काय झाले, ते मला गटाच्या अध्यक्ष लिस्बेतने गेल्या आठवड्यात फोनवर सांगितले. फेऱ्या चुकत आहेत हे तोवर सर्वांना कळले होते. तिने एकेकाला विचारले, जुन्या पद्धतीकडे परत फिरायचे का? तुमच्यातला होकान म्हणाला, "माझं काही नाही, पण बाकीच्यांना काय वाटतं?" बाकीच्यांनाही बाकीच्यांचेच मत हवे होते. कोणीतरी म्हणाले, "अरे, घाई कशाला, कॉफी घेऊ आणि शांतपणे बोलू. दालचिनीचे बन उरले तर होकानच फस्त करेल." सगळे हसले. लिस्बेतने मला हेही सांगितले, की चुकलेल्या घरांची नावे भिंतीवरच्या पडद्यावर दिसत होती आणि त्यांत आपलेही होते. तू उठलीस, पेलाभर पाणी घेतलेस, पुन्हा बसलीस आणि म्हणालीस, "यात माझ्या घरचं माणूस आहे. म्हणून मी या मुद्द्यावर बोलणार नाही." लिस्बेतने हे तुझे कौतुक म्हणून सांगितले. "किती सरळ आहे गं तुझी पोर!" मी तिचे आभार मानले.

तुझा युक्तिवाद मी पुष्कळ तपासला. आप्ताच्या प्रकरणात निर्णय देऊ नये, हे खरे. परंतु हा नियम न्यायासनाचा आहे. तिथे एक न्यायाधीश बाजूला झाला की त्याच्या जागी दुसरा बसतो, खुर्ची रिकामी राहत नाही. तू बाजूला झालीस तेव्हा तुझ्या जागी कोणीच बसले नाही. शिवाय त्या भिंतीवर केवळ बाबांचे नाव नव्हते. उरलेल्या घरांसाठी तरी तू बोलू शकली असतीस, आणि कोणी तुला पक्षपाती म्हटले नसते. हे मी तुला ऐकवून काय साधणार, ते मला कळत नाही. बाबा आता चालत नाहीत, आणि कोणत्याही युक्तिवादाने ते चालू लागणार नाहीत.

रविवारी मी इतकेच म्हटले, की त्या रकान्यात तुझे नाव लिही. तू बशी विसळत म्हणालीस, "आई, एकाचं नाव लिहिलं की बाकीचे सुटतात. आमच्याकडे असं नाही करत गं." मी विचारले, मग त्या दिवशी कोण अडकले होते? तू टॉवेलने हात पुसलेस आणि बसची वेळ झाली म्हणालीस. तू चूक बोललीस असे मला म्हणवत नाही. सारे गावच असे चालते, आणि बहुतेक दिवस बरे चालते.

गुरुवारी मंडळापुढे हा आराखडा संमतीसाठी येईल. विरोध आहे का, असे विचारले जाईल, आणि नंतर जी शांतता पसरते तीच होकार म्हणून नोंदली जाईल. मी तुझी आई. मलाही खोलीबाहेर जाता येईल. पण मग माझीही खुर्ची रिकामी राहील. म्हणून मी आत बसणार आहे, आणि नाही म्हणणार आहे. त्याने काही थांबणार नाही, हे मला माहीत आहे. माझे मत इतिवृत्तात वेगळे नोंदले जाईल, आराखडा मंजूर होईल आणि यंत्रणा ठरल्या सोमवारी पुन्हा सुरू होईल. त्या सकाळी मी बाबांजवळ असेन. या खुब्याने मला त्यांना खुर्चीतून उठवता येत नाही, तेव्हा सेविका येते का म्हणून आम्ही दोघेही दाराकडे बघत बसू. आधी न सांगता भर सभेत विरोध करणे आपल्याकडे अपमान समजतात. तुझा अपमान माझ्या हातून होऊ नये. एवढ्याचसाठी हे लिहिले.

विरोधातही तुझीच,
आई