पहिल्या नंबरची ओळ

२० जानेवारी २०२५

तोरणमाळच्या घरगुती मुक्कामाचं पान आज नेटवर चढवलं. दोन खोल्या, एक ओटा, चुलीवरचं जेवण. मालक दलसिंगभाऊ, फोन उचलणार त्यांची मुलगी सुनिता. मजकूर तिनेच पाठवला. नंदुरबारला नर्सिंग करून परत वर गेलीय, मराठी माझ्यापेक्षा सरळ लिहिते. फोटोही तिचेच. एकात ती स्वतः आहे, गेल्या वर्षीच्या भोंगऱ्या बाजारातली — गळ्यात चांदी, हातात साखरेचे हार-कंगन, उन्हाने डोळे बारीक झालेले. छान आलाय. तोच सगळ्यात वर लावला.

भोंगऱ्याबद्दल तिने एवढंच लिहिलंय — होळीच्या आधी भरणारा आमचा बाजार. पूजेच्या भाजलेल्या डाळ्या, गूळ, हार-कंगन, ढोल-घुंगरांचं सामान इथेच घेतात, लांबचे नातेवाईक इथे भेटतात. संपलं. खरं आणि साधं.

भाग्येशदादाने पाहिलं. वेबसाइटचं ऑफिस त्याचं, मी पगारी. म्हणाला, "ब्येस शे. पन हाई कोन शोधस?"

२३ जानेवारी

नेटवर शोधलं तर पान कुठेच नाही! खाली खाली जात राहिलं की कधीतरी दिसतं. तिथवर कोण जातं? मीही जात नाही.

लोक काय टाइप करतात ते काढून पाहिलं. 'तोरणमाळ हॉटेल' — त्यावर मोठे आधीच बसलेत. 'भोंगऱ्या बाजार' — तुरळक. 'आदिवासी बाजार मुली पळून लग्न' — ढीगभर! म्हणजे गूळ-डाळ्यांत कुणाला रस नाही.

दादाचं म्हणणं, "लोके जे शोधतस तेच वर लिख. आतमा काय बी ऱ्हाऊ दे."

२४ जानेवारी

टायटल, म्हणजे शोधल्यावर निकालात दिसणारी ओळ, बदललं — 'भोंगऱ्या, तोरणमाळ : जिथे मुली पळून जाऊन नवरा निवडतात'. त्याखाली दिसणाऱ्या वर्णनात — 'हा आगळावेगळा बाजार पाहा, राहण्या-जेवणाची सोय'. फोटोच्या मागे एक ओळ द्यावी लागते, पान वाचणाऱ्याला ती दिसत नाही, सर्च इंजिनला दिसते. तिथे — 'नवरा निवडणारी आदिवासी तरुणी'.

सुनिताच्या मजकुराला हात लावला नाही. आत सगळं तिचं, खरं. वरची ओळ म्हणजे दुकानाची पाटी. पाटीवर सगळेच थोडं वाढवून लिहितात.

तिला लिंक पाठवली. तिने पान उघडलं, घरी सगळ्यांना वाचून दाखवलं म्हणे. खूश आहेत. टायटल तिने पाहिलंच नाही. पान उघडल्यावर कुणीच पाहत नाही, ते शोधणाऱ्यासाठी असतं.

३ फेब्रुवारी

पहिला नंबर! दादाने समोसे मागवले.

८ फेब्रुवारी

सुनिताचा फोन. चौकश्या फार येतायत म्हणे, होळीच्या आठवड्यातल्या दोन्ही खोल्या गेल्या. मग जरा थांबून म्हणाली, "ताई, लोक विचित्र विचारतात." एकाने विचारलं, मुली पळून जातात ते नेमकं कुठे उभं राहिलं की दिसतं. दुसऱ्याने, मुलींशी बोलता येतं का. तिने दोघांना नाही म्हणून फोन ठेवला.

मी म्हटलं, कुठेतरी व्हिडिओ पाहिले असतील. खोटंही नव्हतं ते. पण माझ्या ओळीबद्दल बोलले नाही.

शेवटी तिने हळूच सांगितलं, तिचं लग्न ठरतंय. मुलगा काठी गावचा, पवन, धडगावला कॉम्प्युटर ऑपरेटर आहे. त्याचे वडील रायसिंगभाऊ दोनदा येऊन बसून गेलेत. आवाजात हसू होतं. मी अभिनंदन केलं.

१२ फेब्रुवारी

काही नाही. एका बियाणे दुकानाचं पान, एका दातांच्या डॉक्टरचं. डॉक्टरला टायटलमध्ये 'सर्वोत्तम' हवंय. लिहून दिलं.

१९ फेब्रुवारी

सकाळीच सुनिता. आवाज अगदी सपाट.

पवनच्या मित्राने भोंगऱ्या शोधलं. पहिलाच निकाल — तिचा फोटो आणि शेजारी माझी ओळ. त्याने पवनला पाठवलं, पवनने वडिलांना दाखवलं. काल रायसिंगभाऊंचा निरोप आला, आधीच्या घरचं मिटलंय का?

मला कळेना. तिने समजावलं. एखादी मुलगी आपण होऊन कुणाच्या घरी गेली तर आमच्यात कुणी तिला मारझोड करत नाही, पण त्या घराशी पंच बसून देवाणघेवाणीचं मिटवतात. ते मिटल्याशिवाय दुसरीकडे लग्नाची बोलणी करत नाहीत. रायसिंगभाऊ वाईट बोलले नाहीत, रीतीचंच विचारलं. पण विचारलं म्हणजे गावभर झालं.

मी विचारलं, तू पवनला सांगितलंस ना की असं काही नाही?

"सांगितलं. तो म्हणतो, मग नेटवर तुझा फोटो का आहे?"

मी लगेच बदलते म्हटलं.

१९ फेब्रुवारी, दुपारी

टायटल बदललं, वर्णन बदललं, फोटोमागची ओळ काढली, फोटोच काढला. सर्च इंजिनला पान परत तपासा अशी विनंती टाकली. सगळं करून शोधून पाहिलं — जुनीच ओळ, जुनाच फोटो! पान बदललं तरी सर्च इंजिनच्या डोक्यात कालचंच आहे. ते त्याच्या सवडीने येणार.

आणखी एक. दोन पर्यटनवाल्यांनी माझी ओळ जशीच्या तशी उचललीय. फोटोसकट. त्यांना मेल टाकला.

२१ फेब्रुवारी

दादा म्हणतो, काढी टाकं ना, मंग आते काय? कामावर लक्ष दे. गिऱ्हाइकाच्या घरच्या भानगडी आपल्या नाहीत.

बरोबर आहे. लक्ष देत होते. डॉक्टरच्या पानावर 'दाढ' दोनदा लिहून बसले.

२३ फेब्रुवारी

दलसिंगभाऊ स्वतः आले. पहाटेच्या जीपने निघून, शहाद्याला गाडी बदलून. मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं. बारीक, ताठ, खांद्यावर टॉवेल. आरडाओरडा होईल म्हणून दादा आधीच चहा सांगायला बाहेर सटकला. पण ते नुसते बसले. पाणी प्यायले. मग म्हणाले, ते काय लिहिलंय ते मला वाचून दाखव. त्यांना वाचता येत नाही. ते सगळ्यांनाच 'तू' म्हणतात, तिकडची बोलायची पद्धत ती, त्यात अपमान नसतो.

मी वाचलं. स्वतः लिहिलेली ओळ, ज्याच्या मुलीबद्दल लिहिली त्याला वाचून दाखवली.

"हे सुनितानं सांगितलं तुला?"

"नाही. मीच घातलं."

"का?"

लोक तेच शोधतात म्हणून, असं सांगितलं. मला वाटलं कळलं नसावं. पण त्यांना नीट कळलं होतं. म्हणाले, म्हणजे जो येतो त्याच्या तोंडातलं तू आमच्या दारावर लिहिलं.

मग कामाचं बोलले. शिवरात्रीची यात्रा आहे, वर गर्दी. यात्रा उलगून गर्दी ओसरली की पंच बसतील. त्यांनी किंवा सुनिताने बोलून उपयोग नाही, ते घरचे. ज्याने शब्द टाकला त्यानेच पंचासमोर उचलायचा.

"तू येशील?"

हो म्हटलं. म्हणताना बरंच वाटलं.

२६ फेब्रुवारी

महाशिवरात्र. आई विचारते, तोंड का पाडी बसनी? काही नाही म्हटलं.

२८ फेब्रुवारी

जुनी ओळ सर्च इंजिनमधून एकदाची गेली. उचलणाऱ्यांपैकी एकाने काढली. दुसऱ्याचं उत्तर नाही.

दादाला सुट्टी मागितली. तो म्हणाला, कशाला जातेस, तुला डांबून ठेवतील. असं काही होत नसतं हे त्यालाही माहीत आहे. तरी बोलायचं!

१ मार्च

आत्ताच परत आले. पाय दुखतायत, घाटात मळमळलं. लिहून टाकते.

दलसिंगभाऊंच्या अंगणात बसले सगळे. पंच, काठीहून रायसिंगभाऊ आणि चारपाच जण, एका कडेला पवन. पवन दिसायला शांत, इस्त्रीचा शर्ट, हातात मोबाइल. सुनिता ओट्यावर बायकांत. तिला कुणी काही विचारलं नाही. मला मात्र मधे गोधडी टाकून बसवलं.

मी सांगितलं. मराठीतच बोलले, एक पंच पावरी बोलीत सांगत गेले. सुनिताने बाजाराबद्दल जे लिहून पाठवलं ते वाचून दाखवलं. मग माझी ओळ. ही तिने लिहिली नाही, तिला माहीत नव्हती, घरात कुणालाच नव्हती. ती कुणाच्या घरी गेली असं मला कुणी सांगितलं नाही. मी तिला कधी विचारलं नाही. मी घरबसल्या लिहिलं, पान वर यावं म्हणून.

रायसिंगभाऊंनी एवढंच विचारलं, "म्हणजे खोटं?"

"खोटं," म्हटलं. आडवळणाने सांगायचं ठरवून गेले होते, ते राहूनच गेलं.

दलसिंगभाऊंची मोठी बहीण फुलवंताबाई ओट्यावरून काहीतरी बोलली. पंचांनी मराठीत सांगितलं — ती विचारते, हे शोधणारे लोक कोण आहेत? त्यांच्या घरी पोरी नाहीत का?

लाज वाटली, चांगली कान गरम होईपर्यंत. एवढी माणसं कामधंदा सोडून माझ्या एका ओळीसाठी उन्हात बसली होती.

पंचांनी फार वेळ लावला नाही. मिटवण्यासारखं काही नाही, बोलणी पुढे चालू. गूळ वाटला. रायसिंगभाऊंनी दलसिंगभाऊंच्या खांद्यावर हात ठेवला. पवन उठून माझ्याकडे आला, चेहरा एकदम मोकळा. म्हणाला, "मॅडम, तुम्ही स्वतः सांगितलं ते बरं झालं. माझ्या डोक्यातून निघून गेलं सगळं." मला पाणी आणून दिलं.

निघताना सुनिताला शोधलं. चुलीपाशी होती. मी माफी मागितली. ती म्हणाली, जेवून जा ताई. जेवले. उडदाची डाळ, भाकर. घाट उतरताना पहिल्यांदा नीट श्वास घेतला. वाचलं लग्न!

३ मार्च

नवं टायटल — 'भोंगऱ्या : होळीआधीचा आमचा बाजार, तोरणमाळ'. वर्णनात सुनिताचीच वाक्यं. पहिल्या पानावरून पार खाली गेलो. दादा दिवसभर तुसडा.

एका शाळेच्या बाईंचा फोन आला म्हणे वर, मुलांना घेऊन यायचंय, डाळ्या कशा करतात ते दाखवाल का. एकच फोन. पण बरा फोन.

५ मार्च

सुनिताने लग्न मोडलं. पंचांनी नाही, रायसिंगभाऊंनी नाही, तिने. घरात सगळे समजावून थकलेत. दलसिंगभाऊ दोन दिवस बोललेले नाहीत. मीही फोन करून म्हटलं, अगं आता तर सगळं साफ झालं, त्याने मानलं ना!

"तुम्ही सांगितल्यावर मानलं, ताई. मी पहिल्या दिवसापासून तेच सांगत होते."