माझी आगीची काठी

भाग्येश,

काल मी पाहुण्यांसमोर मान खाली घालून बसले होते, तेव्हा तू माझ्या आयडीवरून गेम खेळलास. माझ्या फायर मेजचे, त्या आगीच्या जादूगारणीचे, सगळे पॉइंट काढून पाण्याच्या जादूवर लावलेस. आगीची काठी विकून जखमा भरणारी कांडी घेतलीस. वर म्हणतोस, "टीमले हीलर जोयजे, आनि पोरले तेच शोभस."

आग मी निवडली होती रे. या घरात मी निवडलेलं तेवढंच होतं.

मी नंदुरबारला मावशीकडे चालले. दूध तापवून झाकलंय. संध्याकाळी सुपारी फोडायला पाहुणे येतील, त्यांना चहा तू दे. न विचारता कुठे गेली, असं पप्पा ओरडले तर सांग, यामिनीलाही कोणी विचारलं नव्हतं.

तुझी ताई, यामिनी